जुलैतला खड्डा: इंदूरच्या एका शाळेतल्या खताच्या ढिगाचा प्रकरण अभ्यास

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या मागच्या फाटकाशी एक आजी येऊन उभ्या राहिल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं नाकाला पदर. "तुमच्या आवारात काही मेलंय का हो?" त्यांनी शिपायाला विचारलं. मेलं काही नव्हतं. सातवीच्या मुलांनी माझ्या देखरेखीखाली केलेला खताचा खड्डा पावसानं तुडुंब भरला होता आणि तीन आठवड्यांचं डब्यातलं खरकटं त्यात सडत होतं.

मी या शाळेत विज्ञान शिकवते. शाळा इंदूरच्या पश्चिम भागातली, मराठी मंडळींनी पूर्वी काढलेल्या संस्थेची. माध्यम आता इंग्रजी आणि हिंदी, पण वर्गातली निम्मी मुलं घरी मराठी बोलतात. त्या खड्ड्याचं पुढे काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. पर्यावरणाची जबाबदारी शाळेत कशी शिकवावी याबद्दल माझं आज जे मत आहे, ते त्या खड्ड्याच्या काठावर तयार झालं. मूल ज्या गोष्टीला उत्तरदायी असतं, तिच्यातूनच ते जबाबदारी शिकतं, आणि ती गोष्ट बिघडली की शिक्षकानं घाईघाईनं माती लोटून ती झाकायची नसते, असं ते मत आहे.

खड्डा कशासाठी

कचरा हा विषय इंदूरच्या मुलांना नवा नाही. २०१७ ते २०२३ अशा सलग सात स्वच्छ सर्वेक्षणांत हे शहर देशात पहिलं आलं, शेवटच्या वेळी सुरतबरोबर विभागून. त्याआधीचं इंदूर आमच्या सातवीतल्या मुलांना आठवतच नाही. सकाळी गाडीचं गाणं कानावर आलं की बादल्या घेऊन धावायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, इलेक्ट्रॉनिक हे सहा प्रकार ती झोपेतही सांगतील.

शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला मी विचारलं, "ओला कचरा कुठे जातो?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

वर्ग गप्प. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गाडी पुढच्या गल्लीत जाते."

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं पाहिलं होतं तेवढं सांगितलं. शहराच्या कडेच्या देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी बायो-सीएनजीचा, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून वाहनांसाठी गॅस बनवणारा, कारखाना सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७ हजार किलो गॅस आणि १०० टन खत देण्याची त्याची क्षमता आहे. आपल्या डब्यातली पोळी तिथे जाते हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. शहरानं आपलं काम इतकं चोख केलं आहे की मुलाचं कचऱ्याशी नातं बादलीपाशीच संपतं. मला याचा अभिमानही वाटतो आणि काळजीही. बादलीच्या पलीकडचं दाखवणं हे महापालिकेचं काम नाही, ते शाळेचं आहे.

कागदोपत्री आम्ही ते करतोच. सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा सक्तीचा विषय करायला सांगितलं. डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा आदेश झाला आणि एनसीईआरटीनं पहिलीपासून बारावीपर्यंतचा अभ्यासक्रम आखला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तो सगळ्या विषयांत मिसळायचं ठरलं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या ध्येयांतही ४.७ या क्रमांकाचं लक्ष्य नेमकं याच शिक्षणासाठी आहे. वर्गात मात्र यातलं काय उतरतं, तर प्रकल्प. खजुरी बाजारातून थर्माकोल येतो, रात्री अकरापर्यंत आई-बाबा पवनचक्की चिकटवतात, सकाळी मूल ती दोन हातांनी सांभाळत आणतं, पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि मार्चमध्ये तो थर्माकोल सुक्या कचऱ्यात जातो. मीही बरीच वर्षं असेच गुण दिले आहेत.

५ जूनचा पर्यावरण दिन आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, म्हणून तो शाळा उघडल्यावर साजरा होतो. यंदा पोस्टरं नकोत, काहीतरी खरं करू, असं मी म्हणाले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मागच्या आवारात माळीदादांनी सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा खणला. मोठ्या बाईंच्या हस्ते त्यात पहिली बादली पडली. फोटो निघाला.

काय बिघडलं

आज मागे वळून पाहते तेव्हा चार कारणं दिसतात. त्यातली तीन मला आधीच कळायला हवी होती.

पहिलं, माती. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगून घट्ट मिटते. तिच्यात खणलेला खड्डा म्हणजे हौदच. पाणी वरून येतं, खाली मुरत नाही. दुसरं, ऋतू. खताला ओल्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, सुकं लागतं: पालापाचोळा, भुसा, काड. आमच्या आवारातले शिसम आणि पिंपळ फाल्गुन-चैत्रात झडतात. ती सगळी पानं आम्ही एप्रिलमध्ये पोत्यांत भरून गाडीत दिली होती. जुलैत हाताशी होतं ते फक्त ओलं. तिसरं म्हणजे रचना. मुलं रोज येऊन बादली ओतायची आणि जायची. ढवळणं, हवा लागू देणं, काही नाही. पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच.

चौथं कारण मला नंतर कळलं आणि ते सगळ्यांत जास्त लागलं. वास यायला लागल्यावर सफाईच्या मावशींनी दोनदा फिनाईल ओतलं होतं. अगदी चांगल्या मनानं. खड्ड्यात जे थोडंफार जिवंत काम चाललं होतं तेही त्यानं मारलं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही की हे कशाला खणलंय. मला वाटलं, पोरांनी घाण केली, आता मलाच निस्तरायची."

खरंच होतं ते. उद्घाटनाला मोठ्या बाई होत्या, मी होते, चाळीस मुलं होती, फोटोवाला होता. शाळेतला सगळा कचरा वर्षानुवर्षं हातानं उचलणारी बाई तिथे नव्हती. आणि ही चूक फक्त आमच्या शाळेची नाही. पर्यावरण शिकवताना शाळा ज्या माणसांना सर्वांत शेवटी विचारतात, त्यांनाच त्यातलं सर्वांत जास्त माहीत असतं.

या शहरात हे शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. प्लेगच्या दिवसांत होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. १९१७ च्या दिवाळीत त्यानं इंदुरात मिरवणूक काढली, आणि ती नेहमीच्या रस्त्यांनी न जाता जे मोहल्ले लोकांनी सर्वांत स्वच्छ केले असतील त्यांतूनच जाईल असं जाहीर केलं. त्या मिरवणुकीत सफाई कामगार नव्या पोशाखात, गळ्यात हार घालून मानानं चालले. हे मी मुलांना सांगितलं. मावशींनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजी तक्रार करून गेल्यावर मोठ्या बाईंनी मला बोलावलं. ऑगस्टमध्ये तपासणीचं पथक यायचं होतं. "खड्डा बुजवा, वर गुलाब लावा," त्या म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शाळा चालवणाऱ्याला शेजारी सांभाळावे लागतात. मी गणपतीपर्यंत मुदत मागितली. "आणि वास राहिला तर?" "तर मी स्वतः माती टाकीन," असं म्हणून मी बाहेर पडले.

वर्गात प्रश्न मांडला, तर मुलांचा कौलही बुजवण्याकडेच. चाळीसपैकी अठ्ठावीस हात वर. मी त्यांना दोष देत नाही, वास फार होता. हात खाली झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, बुजवला तरी आजींना सांगावं तर लागेलच ना? की काय होतं ते?" मला वाटतं, हे प्रकरण खऱ्या अर्थानं तिथून सुरू झालं.

आजींचं कॅलेंडर

चार मुलं आणि मी आजींकडे गेलो. घर शाळेच्या भिंतीला लागूनच, मागच्या खोलीची खिडकी थेट खड्ड्यावर. मुलांनी माफी मागितली. आजींनी ती ऐकून घेतली, सेव-परमलच्या वाट्या पुढे केल्या आणि मग विचारलं, "त्यात घालता काय तुम्ही?"

मुलांनी यादी सांगितली. पोळी, भाजी, पोहे, केळ्याची सालं.

"आणि?"

"आणि काही नाही."

"अरे, आमच्या वाड्यात मागे उकिरडा होता. त्याला असा वास कधी नव्हता. त्यात चुलीची राख पडायची, शेण पडायचं, पत्रावळी पडायच्या, म्हशीपुढचा उरलेला कडबा पडायचा. तुम्ही नुसतं खरकटं घातलंत. नुसत्या खरकट्याचा उकिरडा होत नाही, नरक होतो."

कार्बन आणि नायट्रोजनचं जे प्रमाण मी फळ्यावर शिकवते ते आजींनी एका दमात सांगितलं. ढिगातल्या जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागामागे साधारण पंचवीस-तीस भाग कार्बन लागतो. भाजीपाला आणि अन्न यांत नायट्रोजन भरपूर आणि पाणीही. सुकी पानं, काड, भुसा यांत कार्बन. आमच्या खड्ड्यात दुसरी बाजू नव्हतीच.

निघताना त्या मुलीनं, त्याच मागच्या बाकावरच्या, आजींना विचारलं की रोज वास येतो का, किती येतो, हे तुम्ही लिहून ठेवाल का. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. दुधाचा हिशोब त्याच्यावरच. आजींनी पेन्सिल उचलली आणि त्या दिवसाच्या चौकोनात दुधाच्या आकड्याखाली लिहिलं: "फार". मग मुलांशी बसून शब्द ठरवले. फार, आहे, कमी, नाही. चारच. रोज संध्याकाळी दिवा लावताना खिडकी उघडायची आणि लिहायचं.

पर्यावरण शिक्षणातलं मोजमाप म्हणून मी बरीच साधनं पाहिली आहेत, प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत. त्या चार शब्दांइतकं कठोर साधन मला मिळालं नाही. आजींना आमच्या शाळेला गुण द्यायचे नव्हते. त्यांना संध्याकाळी खिडकी उघडायची होती.

आपल्याच गावचं पुस्तक

त्या रात्री मी शोधायला बसले आणि जे सापडलं ते मला विद्यार्थीदशेतच माहीत असायला हवं होतं. जगभर ज्याला खताची इंदूर पद्धत म्हणतात, ती आमच्या शाळेपासून सहा-सात किलोमीटरवर तयार झाली. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत ती बसवली. होळकर दरबारानं त्या संस्थेला दिलेल्या जमिनीवर आज कृषी महाविद्यालय आहे. हॉवर्डबरोबर रसायनाचं काम पाहणारे होते यशवंत वाड, आणि १९३१ सालचं या पद्धतीवरचं पुस्तक दोघांच्या नावावर आहे. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले असताना गांधीजींनीही हे काम पाहिलं. चाळीस मुलांच्या वर्गात एकालाही वाड हे नाव माहीत नव्हतं. मलाही पुसटसंच होतं.

पद्धत अशी. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद उथळ खड्डे. ठरावीक ओलावा. तीनदा उलथापालथ: पंधरवड्यानं, महिन्यानं, दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. आणि पुढे, साध्या शब्दांत, पावसाळ्यात खड्डे पाण्यानं भरतात म्हणून त्या दिवसांत ढीग जमिनीवर रचायचे.

हे मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, आपण जे चुकलो ते आधीच लिहून ठेवलेलं होतं?" हो. नव्वद वर्षांपूर्वी, याच मातीत, हाच पाऊस पाहून. हॉवर्ड शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना आपले शिक्षक मानत असे. पीक कुठे दुखतंय ते कीड दाखवते, असं त्याचं म्हणणं. आमचा वासही तसाच होता. फिनाईलनं तो बुजवण्याआधी तो काय सांगतोय हे ऐकायला हवं होतं.

मग कामाला लागलो. माळीदादांनी आणि दोन पालकांनी खड्ड्यातलं पाणी उपसलं, फावड्यानं गाळ बाहेर काढला. मुलांना हातमोजे घालून फक्त मिसळण्याचं काम दिलं. एका मुलाच्या ओळखीच्या तबेल्यातून गव्हाचा भुसा आणि शेण आलं. एकानं इस्त्रीवाल्याकडून राखेची पिशवी आणली. ती परत पाठवावी लागली, कारण ती दगडी कोळशाची. तिच्यात जड धातू असतात, ती मातीत नको. लाकडाची राख शेवटी एका लग्नाच्या आचाऱ्याकडे मिळाली. आजींच्या भिंतीपासून दूर, उंचवट्यावर, खाली तुराट्यांचा थर देऊन जमिनीवर ढीग रचला. एक बादली ओलं, तीन बादल्या भुसा, वर शेणकाला, मग राखेची चिमूट. पुन्हा तसंच. कमरेइतकी उंची झाल्यावर पहारीनं वरून खाली भोकं पाडली, हवेसाठी. वर जुना फ्लेक्स उताराला बांधला.

ओलावा बघायची रीत मुलांना फार आवडली. मूठभर माल घ्यायचा आणि पिळायचा. पाणी ओघळलं तर भुसा घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा, बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला की बरोबर. तपमानासाठी प्रयोगशाळेतला लाल द्रवाचा तापमापक बांबूच्या कामटीला बांधला आणि पहारीच्या भोकात सोडला. पहिल्या दिवशी ३१ अंश. तिसऱ्या दिवशी ४८. पाचव्या दिवशी भुरभुर पाऊस पडत होता, अंगावर शहारे येतील इतका गारवा, आणि ज्या मुलीची पाळी होती तिनं वरचा थर बाजूला केला तर आतून वाफ आली. तिचा चष्मा धुकटला. तिनं तो न पुसताच ओरडून सांगितलं, "एकसष्ट! मॅडम, हे चुलीशिवाय तापलंय!" सगळा वर्ग हात लावून बघायला धावला. जिवाणू अन्न खातात, श्वास घेतात, त्यातून उष्णता निघते, हे वाक्य मी अनेक वर्षं शिकवत आले होते. त्या दिवशी ते मुलांच्या तळहाताला भाजलं.

आजींच्या कॅलेंडरवर: फार, फार, आहे, आहे, कमी, आहे, कमी, कमी. मधला तो "आहे" शनिवारचा होता. शनिवारी अर्धा दिवस, आणि पाळीच्या मुलानं बादली तशीच वर ओतून भुसा न टाकता घर गाठलं होतं. त्याला कुणी रागावलं नाही. सोमवारी दोन जणांनी त्याला कॅलेंडर दाखवायला नेलं, बस. तपासणीचं पथक आलं तेव्हा ढीग पाहून गेलं. गणपती बसले त्या आठवड्यात पहिल्यांदा "नाही" दिसलं.

वजनाची वही आणि माझी दुसरी चूक

ढिगाबरोबर एक वही सुरू झाली. मधली सुट्टी संपली की प्रत्येक वर्गाची बादली ताणकाट्याला लावायची आणि लिहायचं. सहावी, सातवी, आठवी मिळून पहिल्या आठवड्यात रोज सरासरी सहा किलोच्या आसपास. त्यात सालं-देठं थोडी, बाकी सगळं शिजवलेलं अन्न. मावशींना याचं नवल वाटलं नाही. कोणत्या वर्गात कोणत्या वारी काय उरतं ते त्यांना तोंडपाठ होतं. सोमवारी आठवीत पोळ्या, कारण रविवारी बाहेर खाल्लेलं असतं आणि भूक नसते. आम्ही त्यांना वहीचं प्रमुख केलं, आणि त्यांच्या कामाच्या वेळेतून त्यासाठी अर्धा तास मोकळा करून घेतला. हे दुसरं झालं नसतं तर पहिलं करण्यात अर्थ नव्हता.

मग मला वाटलं, वर्गावर्गांत स्पर्धा लावू. ज्याचं वजन कमी, त्याचं नाव प्रार्थनेला. आठवड्यात आकडे निम्म्यावर आले. मी खूश. पुढच्या सोमवारी मावशींनी मला हाताला धरून मुलांच्या स्वच्छतागृहात नेलं. फ्लशच्या टाकीमागे, खिडकीच्या कठड्यावर, कागदात गुंडाळलेल्या पोळ्या. एका पालकांचा फोनही आला, मुलगी उरलेला डबा दप्तरात लपवून आणते आणि घरी आल्यावर हळूच कचऱ्यात टाकते.

स्पर्धा त्याच दिवशी बंद केली. प्रार्थनेला उभं राहून मुलांना सांगितलं की चूक माझी आहे. मी आकडा मागितला, तुम्ही आकडा दिला. अन्नाबद्दल मी काही विचारलंच नव्हतं. पर्यावरणाच्या नावाखाली शाळांत बक्षिसं, तारे, हरित पदकं वाटली जातात तेव्हा मला आता त्या खिडकीचा कठडा आठवतो. बक्षीस लावलं की मूल बक्षिसाकडे बघतं, गोष्टीकडे नाही.

स्पर्धा गेल्यावर वजन पुन्हा वाढलं आणि मग सावकाश खाली आलं. यावेळी कारणं निराळी होती. पालकसभेत आम्ही फक्त वही वाचून दाखवली, कुणाचं नाव न घेता. काही घरांत डबा लहान झाला. एका आईनं सांगितलं की मुलगा आता आदल्या रात्रीच बजावतो, उद्या दोनच पोळ्या. दिवाळीच्या सुट्टीआधी रोजचं वजन तीन किलोच्या खाली होतं.

आणि तेव्हा एक पेच पडला, ज्याचा मी विचारच केला नव्हता. ढिगाची पाळी असलेला मुलगा रिकामी-रिकामी बादली घेऊन आला. "मॅडम, असंच चाललं तर ढिगाला घालायचं काय? पोरांना सांगू का थोडं उरवा म्हणून?"

कुणीतरी हसलं, पण प्रश्न खरा होता. त्यावर आमचे तीन तास गेले. कचऱ्यावर चालणारी कोणतीही सोय कचरा मागत राहते, मग ती आमचा ढीग असो की मोठा कारखाना. मग कचरा कमी करायचा की सोय चालू ठेवायची? मुलांनी देवगुराडियाचे ५५० टन फळ्यावर लिहिले आणि विचारलं की शहरानं डबे छोटे केले तर त्या गॅसवर चालणाऱ्या बसचं काय? मी उत्तर दिलं नाही, कारण ही गोष्ट त्यांना पुढे नागरिक म्हणून ठरवायची आहे. एवढं मात्र सगळ्यांना पटलं की पोळी खाल्ली जाणं हे पोळीचं खत होण्यापेक्षा चांगलं. गहू पिकवायला लागलेलं पाणी, आणि आपल्या गावात तर पिण्याचं पाणीसुद्धा सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेतून पंपानं वर चढवून येतं, ते खतातून परत मिळत नाही. ढिगासाठी पालापाचोळा आणि निर्माल्य पुरेसं आहे असं वर्गानं ठरवलं.

निर्माल्याचं काम गणपतीतच सुरू झालं होतं. दहा दिवस मुलं घरचं निर्माल्य आणत होती. हारांतला दोरा, टाचण्या, जरीचा कागद वेगळा काढण्यात रोजचा अर्धा तास जाई. दूर्वा आणि फुलं ढिगाला चांगली मानवली.

काय उरलं

नोव्हेंबरच्या मध्यावर ढीग निम्म्याहून खाली बसला होता. आतलं खत काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचं. चाळून सात पोती निघालं. दोन आजींकडे गेली. त्यांनी कुंड्यांत घालताना मुलांना म्हटलं, "उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात बारा वर्षांनी. तुमच्याचे चार महिन्यांत फिटले." मावशींनी घरच्या कढीपत्त्यासाठी पिशवी भरून नेली. बाकी शाळेच्या झाडांना.

वर्षअखेरीस मी पुन्हा तोच प्रश्न लेखी विचारला, ओला कचरा कुठे जातो. चाळीसपैकी तेरा उत्तरं अजून "गाडीत" अशीच होती, आणि त्यातली बरीच अशा मुलांची ज्यांची ढिगावर पाळी दोन-तीनदाच आली. चाळीस मुलांना एक ढीग कमी पडतो, हे मी सुरुवातीलाच ओळखायला हवं होतं. बाकीच्यांनी पानभर लिहिलं. एकानं तर उत्तराऐवजी प्रश्नच लिहिला: "आमच्या घरचा की शाळेचा?"

गुणांचं मी असं केलं. ढिगाच्या फोटोला, तक्त्याला, सजावटीला शून्य महत्त्व. वहीतल्या स्वतःच्या पाळीच्या नोंदींना निम्मे गुण, आणि काय चुकलं व ते कसं कळलं याच्या दोन पानांना निम्मे. काही पालकांना हे पटलं नाही, चुकीला गुण कसे देता, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना त्या शनिवारच्या मुलाची दोन पानं वाचायला दिली.

फाल्गुनात सातवीनं शिसमची आणि पिंपळाची पानं गोळा करून बावीस पोती बांधली आणि सायकल स्टँडच्या मागे कोरड्यात रचली. माळीदादांनी पोत्यांवर खडूनं लिहिलं आहे, गाडीत देऊ नये. मार्चअखेर वही सहावीच्या हातात गेली. पहिल्या पानावर मुलांनी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: जुलैत खड्डा खणू नका. ढीग जमिनीवर. आधी मावशींना विचारा. त्याखाली आजींच्या घराचा रस्ता, बाणानं दाखवलेला.

आजींच्या भिंतीवर आता नवीन कॅलेंडर आहे. जुनं त्यांनी आम्हाला दिलं, ते विज्ञानाच्या कपाटात आहे. नव्यावर अजून फक्त दूध.